चोवीस हजारांची काउंटी आणि एक डॉक्टर: स्कॉट काउंटीतल्या एचआयव्हीच्या साथीचं प्रकरण

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात स्कॉट नावाची एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, आहे. लोकसंख्या चोवीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे सपाटीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी सरकारी निकष तीस हजार लोकसंख्येचा आहे. म्हणजे ही अख्खी काउंटी आपल्या एका पीएचसीच्या हद्दीत मावेल आणि वर जागाही उरेल. २००४ ते २०१३ या दहा वर्षांत इथे एचआयव्हीचे नोंदलेले रुग्ण होते पाच. नोव्हेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या एका वर्षात याच साथीत निदान झालेले रुग्ण निघाले १८१.

अमेरिकेच्या खेड्यात इतक्या वेगाने पसरलेली एचआयव्हीची साथ त्याआधी कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलं. वैद्यकीय नियतकालिकांत आलं, वर्तमानपत्रांत आलं, राजकीय प्रचारातही आलं. बहुतेक ठिकाणी ते ‘नशेचं प्रकरण’ म्हणून येतं. ते नशेचं आहेच. पण कागदपत्रं जरा सावकाश वाचली की दुसरीच गोष्ट वर येते. ती म्हणजे दवाखाना किती लांब आहे, तपासणी कुठे होते, ओळखपत्र आहे का, विमा आहे का, आणि पोलिसाच्या समोरून जाताना खिशात काय असलेलं चालतं. माझा रस या दुसऱ्या गोष्टीत आहे.

गाव

साथीचं केंद्र होतं ऑस्टिन. वस्ती सव्वाचार हजारांच्या घरातली. टेक्सासमधलं प्रसिद्ध ऑस्टिन वेगळं, हे वेगळं. इंडियानापोलिस आणि केंटकीतलं लुईव्हिल या दोन शहरांना जोडणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग गावाला खेटून जातो. लुईव्हिल दक्षिणेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. गावात अन्न डबाबंद करण्याचा जुना कारखाना आहे आणि तोच इथला मोठा रोजगार. साथीच्या वेळच्या सरकारी अहवालात काउंटीचे आकडे दिले आहेत: १९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली, बेरोजगारी ८.९ टक्के, शालेय शिक्षण पुरं न केलेले २१.३ टक्के. राज्यातल्या ९२ काउंट्यांची आरोग्यानुसार क्रमवारी लागत असे, त्यात स्कॉट अनेक वर्षं तळाला होती. म्हणजे परिस्थिती काही कुणापासून लपलेली नव्हती. दर वर्षी छापून येत होती.

गावात डॉक्टर एकच, विल्यम कुक. २००४ साली त्यांनी ऑस्टिनमध्ये दवाखाना उघडला. काउंटीचं लहानसं रुग्णालय शेजारच्या स्कॉट्सबर्ग गावात. एचआयव्हीचा तज्ज्ञ काउंटीत कुणीच नाही. त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरायची. आणि वाट धरायची तर गाडी हवी, गाडीत तेल हवं, चालवण्याचा परवाना हवा. यातलं एखादं तरी नसणारे लोक पुष्कळ होते.

एचआयव्हीची मोफत तपासणी करणारं काउंटीतलं एकमेव ठिकाण म्हणजे प्लॅन्ड पॅरेंटहूड या संस्थेचं स्कॉट्सबर्गमधलं केंद्र. तिथे गर्भपात होत नव्हते. कुटुंबनियोजन, लैंगिक आजारांची तपासणी, एवढंच काम. पण संस्थेचं नाव गर्भपाताच्या वादात अडकलेलं, आणि राज्याच्या आरोग्य निधीला सगळीकडूनच कात्री लागलेली. २०१३ साली ते केंद्र बंद झालं. त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीचं, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राचं दार असतं, त्यावर लाल फीत रंगवलेली असते, आत समुपदेशक बसलेला असतो. कधी जागेवर असतो, कधी नसतो, हे सोडा. स्कॉट काउंटीत २०१३ नंतर असं दारच उरलं नाही.

या एका बंद केंद्रामुळेच साथ आली असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत, आणि मला ते जरा घाईचं वाटतं. तिथे तपासणीला येणारे आणि सुई टोचून घेणारे हे एकच लोक होते असं धरून चालता येत नाही. पण त्या केंद्रामुळे एखादा रुग्ण वर्षभर आधी सापडला असता तर पुढची साखळी केवढी आखूड झाली असती, हे या साथीच्या वेगावरून कळतं.

गोळी

साथीच्या मुळाशी होती ओपाना ईआर नावाची वेदनाशामक गोळी. ऑक्सिमॉर्फोन हे त्यातलं अफूवर्गातलं औषध, हळूहळू सुटत राहील अशा रूपात. गोळी चुरून नाकातून ओढणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा २०१२ साली कंपनीने ती नव्या रूपात आणली, सहजी चुरली जाऊ नये अशी. नाकातून ओढणं खरंच अवघड झालं. मग लोक ती विरघळवून शिरेत घेऊ लागले. एक दार लावलं आणि वारा दुसऱ्या दारातून आत आला, आणि हे दुसरं दार जास्त घातक होतं. त्याच सुमारास टेनेसी राज्यात ही नवी गोळी टोचून घेणाऱ्यांमध्ये रक्ताचा एक गंभीर विकार दिसला होता आणि तसा अहवालही निघाला होता. अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला गोळी बाजारातून काढायला सांगितलं ते जून २०१७ मध्ये. तोवर ऑस्टिनची साथ होऊन गेलेली.

गोळी महाग होती. काळ्या बाजारात एकेका गोळीला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागत. म्हणून चार जण मिळून एक घेत, विरघळवत, वाटून घेत. अंमल लवकर उतरे. दिवसाला चार ते पंधरा वेळा टोचून घेणारे लोक तपासनिसांना भेटले. आता सुया पाहा. इंडियानात नशेच्या हेतूने सिरिंज बाळगणं हा गंभीर फौजदारी गुन्हा होता. त्यामुळे माणूस जवळ नवी सुई ठेवायला घाबरायचा. गोळी जिथे तिथेच सुई, आणि तीच सुई सगळ्यांची. दिवसाला दहा वेळा टोचायचं आणि सुया मोजक्या, हे गणित कुणालाही कळेल असं आहे.

वर्तमानपत्रांच्या वाचकांना सर्वात धक्का बसला तो घरातल्या चित्राने. एका छपराखाली आजी, आई आणि लेक एकत्र टोचून घेत होत्या, अशा तीन पिढ्यांच्या नोंदी अधिकृत अहवालात आहेत. आपल्या मनातली ‘व्यसनी’ माणसाची प्रतिमा अंधाऱ्या गल्लीतल्या एकट्या तरुणाची असते. इथे मधल्या वयाची माणसं होती, बायका जवळपास निम्म्या, आणि सगळं चालायचं ते घरच्या स्वयंपाकघरात.

तीन नावं

२०१४ च्या अखेरीस नेहमीच्या नोंदींत एचआयव्हीचे तीन नवे रुग्ण आले. इतक्या लहान जागेत एवढ्या थोड्या काळात तीन हे खटकण्यासारखं होतं. राज्याच्या आरोग्य खात्यात संपर्क शोधणारे कर्मचारी असतात. रुग्णाला भेटायचं, विश्वासात घ्यायचं, कुणाकुणाशी संबंध आला ते विचारायचं आणि त्या माणसांपर्यंत पोहोचायचं, हे त्यांचं काम. आपल्या आशाताई आणि क्षयरोग कार्यक्रमातले कार्यकर्ते जे करतात त्याच जातकुळीचं, पायपिटीचं. या तिघांपैकी दोघांनी एकच सुई वापरली होती, हे त्यांच्या बोलण्यातून निघालं. धागा ओढत गेल्यावर आणखी आठ सापडले. २३ जानेवारी २०१५ रोजी अकरा रुग्णांनिशी अधिकृत तपास सुरू झाला.

पुढचे आकडे धडाधडा वाढले. २५ फेब्रुवारीला राज्याने साथ जाहीर केली तेव्हा पक्के २६. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ७९. एप्रिलमध्ये १३५. रुग्णांनी सांगितलेल्या संपर्कांपैकी ज्यांना शोधून तपासता आलं त्यातले निम्म्याच्या आसपास बाधित निघाले. साथरोगाचं काम करणाऱ्या माणसाला असा आकडा झोपू देत नाही. एका रुग्णामागे जोखमीतले सरासरी नऊ संपर्क निघत होते.

विषाणूची जनुकीय तपासणी झाली तीही बोलकी आहे. १५९ नमुन्यांपैकी १५७ एकमेकांचे अगदी जवळचे. म्हणजे बाहेरून कुणीतरी एकदाच एचआयव्ही आणला आणि तो या जाळ्यात वणव्यासारखा गेला. याउलट हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार. एचआयव्ही झालेल्यांपैकी ९२ टक्क्यांना तोही होता, पण त्याचे प्रकार अनेक निघाले. तो वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी, कित्येक वर्षं आत येत होता.

मला या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा पुरावा हाच वाटतो. दोन्ही रोग रक्तातून, सुईवाटे पसरतात. हेपॅटायटिस सी आधी येतो कारण तो जास्त सहज लागतो. त्याची साथ या भागात २०१०-११ मध्येच दिसली होती. रस्ता तयार होता, रहदारीही सुरू होती. एचआयव्ही त्यावरून शेवटी आला. चार-पाच वर्षं आधी पाटी लागली होती. ती वाचायला तिथे कुणाला नेमलेलंच नव्हतं.

आणीबाणी

सुई-बदल केंद्र म्हणजे वापरलेली सुई आणून द्या आणि नवी घेऊन जा. जगभर ही पद्धत तपासून पाहिलेली आहे. आपल्याकडे मणिपूरने १९९६ सालीच नशा करणाऱ्यांमधली हानी कमी करण्याचं धोरण अधिकृतपणे स्वीकारलं होतं. इंडियानात मात्र २०१५ पर्यंत ते बेकायदा होतं.

राज्यपाल होते माइक पेन्स, पुढे देशाचे उपराष्ट्रपती झालेले. (अमेरिकेतला राज्यपाल निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार पाहतो.) नशाविरोधी धोरण म्हणून सुया वाटायला आपला विरोध आहे, हे ते उघड सांगत. राज्याचे आरोग्य आयुक्त डॉ. जेरोम अ‍ॅडम्स काही महिन्यांपूर्वीच पदावर आले होते. केंद्र सरकारच्या रोग नियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे तज्ज्ञ येऊन बसले. स्थानिक डॉक्टर सांगत होते, परिचारिका सांगत होत्या. पेन्स यांनी प्रार्थना केली, विचार केला असं त्या काळच्या बातम्यांत आहे. त्यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. श्रद्धाळू मतदारांचं राज्य आहे आणि माणूसही श्रद्धाळू आहे. पण साथ सुरू असताना गेलेला प्रत्येक आठवडा रुग्णांत मोजला जातो.

२६ मार्च २०१५ रोजी त्यांनी आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि फक्त या काउंटीपुरती, फक्त ३० दिवसांची सवलत दिली. ४ एप्रिलला सुया वाटायला सुरुवात झाली. मुदत पुढे वाढवली गेली, आणि ५ मे रोजी कायदा बदलला: कोणत्याही काउंटीत एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सीची साथ असेल तर तिने आणीबाणी जाहीर करून राज्याकडे परवानगी मागावी, मग केंद्र सुरू करावं. या ‘मग’मध्ये बरंच काही दडलंय. साथ आली की परवानगी. साथ येऊ नये म्हणून परवानगी नाही. शिवाय निर्णयाची किल्ली काउंटीच्या निवडून आलेल्या आयुक्तांच्या हातात, आणि वर राज्य या कामासाठी पैसा देणार नाही. ही तरतूद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका छपराखाली

सुयांवर चर्चा इतकी झाली की त्यासोबत जे उभं राहिलं ते झाकोळून गेलं. ऑस्टिनमधल्या सामाजिक केंद्राच्या इमारतीत सगळ्या खिडक्या एका जागी आणल्या. तपासणी तिथेच. हेपॅटायटिस ए, बी आणि धनुर्वाताच्या लशी तिथेच. जन्मदाखला काढून मिळे, राज्याचं ओळखपत्र मिळे, नोकरीचा सल्ला मिळे, व्यसनमुक्तीच्या उपचाराकडे पाठवलं जाई, आणि आरोग्य विम्याची नोंदणी होई.

जन्मदाखल्याचा एचआयव्हीशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. विम्यासाठी ओळखपत्र लागतं, ओळखपत्रासाठी जन्मदाखला लागतो, आणि विमा नसेल तर अमेरिकेत एचआयव्हीची महागडी औषधं मिळवणं फार अवघड. आधार कार्डाची नोंद चुकल्यामुळे रेशन किंवा निराधार योजनेचे पैसे अडकलेली माणसं आपण पाहिली आहेत, त्यामुळे ही साखळी मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. योगायोग असा की गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची व्याप्ती इंडियानाने नेमकी १ फेब्रुवारी २०१५ पासून वाढवली होती. साथ वर्षभर आधी आली असती तर यातल्या बऱ्याच जणांना विमा मिळालाच नसता. हेही पेन्स यांच्याच काळातलं. माणसं एकरंगी नसतात.

उपचारासाठी रुग्णाला शहरात धाडण्याऐवजी विद्यापीठातले संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. कुक यांच्या दवाखान्यात येऊ लागले. मला हा निर्णय सुयांच्या तोडीचा वाटतो. ज्याला रोज दहा वेळा अंमल उतरण्याची धास्ती असते त्याला शंभर किलोमीटरवरची तारीख देणं म्हणजे येऊ नको असं सांगणं. एचआयव्हीची औषधं नियमित घेतली की रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो आणि मग तो माणूस पुढे लागण देत नाही. म्हणून या साथीत उपचार हाच प्रतिबंधही होता. सीडीसीने एका रुग्णाच्या आयुष्यभराच्या उपचाराचा खर्च २०१० च्या दराने सुमारे ३,८०,००० डॉलर धरला होता. पावणेदोनशेंनी गुणून पाहा, आणि सुईची किंमत किती पैशांत येते तेही पाहा.

सुरुवातीला सुया घ्यायला माणसं फारशी आली नाहीत. का यावं? काल ज्या वस्तूसाठी तुरुंग होता ती आज सरकार वाटतंय, यावर कोण विश्वास ठेवेल? केंद्रात नोंदणी केलेल्यांना ओळख क्रमांकाचं कार्ड दिलं. ते दाखवलं की सुईसाठी अटक नाही. पण कार्ड नसलेल्याला अटक चालूच होती. शेवटी काउंटीची आरोग्य परिचारिका गाडी घेऊन वस्तीवस्तीत फिरू लागली, दारात जाऊन सुया देऊ लागली, वापरलेल्या परत घेऊ लागली. चेहरा ओळखीचा झाला तशी माणसं बोलायला लागली. सुईच्या निमित्ताने जखम दाखवली जाऊ लागली, मग तपासणी, मग उपचार. आशाताई पोलिओचे थेंब द्यायला जाते आणि येताना त्या घरातल्या खोकल्याची बातमी घेऊन येते, त्यातलाच प्रकार.

केंद्रात येणाऱ्यांची पुढे पाहणी झाली. दुसऱ्याने वापरलेली सुई टोचून घेणाऱ्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. स्वतः सांगितलेल्या माहितीत थोडी शोभेची भर असते हे धरलं तरी उतार मोठा आहे.

मग साथ थांबवली कुणी?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि सुया वाटण्याच्या बाजूचे लोक हा भाग बऱ्याचदा गाळतात.

२०१८ साली येल विद्यापीठातल्या ग्रेग गोन्साल्व्हिस आणि फॉरेस्ट क्रॉफर्ड या संशोधकांनी साथीचं गणिती पुनर्मांडण केलं. लागण झालेले पण निदान न झालेले असे लोक जास्तीत जास्त किती असू शकत होते, हे त्यांनी काढलं. हा आकडा १२६ पर्यंत चढला आणि त्याचं शिखर आलं १० जानेवारी २०१५ च्या सुमारास. म्हणजे आणीबाणीच्या अडीच महिने आधी. ४ एप्रिलला पहिली सुई दिली गेली तेव्हा वणव्याने जवळचं बरंच रान जाळून झालं होतं. एका लहान जाळ्यातल्या बहुतेकांना लागण झाली की नव्या लागणी आपोआप मंदावतात.

याचे दोन अर्थ लावले गेले. एक: म्हणजे सुयांचा उपयोगच झाला नाही. दुसरा, आणि संशोधकांचा स्वतःचा: म्हणजे सगळं फार उशिरा झालं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हीच उपाययोजना १ जानेवारी २०१३ ला झाली असती तर एकूण लागणी ५६ च्या आत राहिल्या असत्या. हेपॅटायटिस सीची साथ दिसली तेव्हा, २०११ च्या सुरुवातीला झाली असती तर दहाच्या आत. हे प्रतिमान आहे, त्यात गृहीतकं आहेत, दशांश चिन्हापर्यंत विश्वास ठेवू नये. पण दिशा चुकीची वाटत नाही. आणि पहिला अर्थ लावणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. लागण न झालेले लोक अजून तिथेच होते, टोचतही होते, हेपॅटायटिस सी फिरतच होता. पुढची पाच-सहा वर्षं साथ पुन्हा का उसळली नाही?

देशभरात मात्र खडबडून जाग आली. सीडीसीने अशीच साथ येऊ शकेल अशा २२० काउंट्यांची यादी केली, बहुतेक अ‍ॅपलेशियन डोंगराळ पट्ट्यातल्या. गंमत म्हणा की भीती, त्या यादीत खुद्द स्कॉट काउंटी पहिली नव्हती, बत्तिसावी होती. केंद्र सरकारचा पैसा सुई-बदल केंद्रांना वापरायला असलेली बंदीही संसदेने २०१५ च्या डिसेंबरात सैल केली: पगार, गाडी, तपासणी यावर खर्च करा, प्रत्यक्ष सुयांवर नको. असा तोडगा फक्त राजकारणीच काढू जाणे.

दोन विरुद्ध एक

२०२० साली स्कॉट काउंटीत एचआयव्हीचा नवा रुग्ण एकच निघाला. साथीतल्या रुग्णांची एकूण संख्या तोवर २३५ च्या आसपास पोहोचून थांबली होती. आणि २ जून २०२१ रोजी काउंटीच्या तीन आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मतांनी ठरवलं की सुई-बदल केंद्र वर्षअखेर बंद करायचं.

निर्णयाआधी ते थांबवायला बरेच जण येऊन गेले. डॉ. जेरोम अ‍ॅडम्स स्वतः आले. मधल्या काळात ते देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारच्या वतीने बोलणारे सर्वोच्च डॉक्टर, होऊन परतले होते. डॉक्टर बोलले. नशेतून बाहेर पडलेली माणसं बोलली, काहींनी त्या केंद्रामुळे आपण जिवंत असल्याचं सांगितलं. सुरुवातीला नाक मुरडणारे काही जणही एव्हाना केंद्राच्या बाजूचे झाले होते.

बंद करणाऱ्यांची बाजू मूर्खपणाची म्हणून उडवून लावू नये. एका आयुक्ताचा मुद्दा असा होता की ओळखीच्या दारुड्याला मी बाटली विकत घेऊन देत नाही, मग सुई कशी देऊ? गावात अतिसेवनाने माणसं मरत होती. त्यांच्या घरच्यांना सरकारी सुई हे सरकारी संमतीपत्र वाटत होतं. बागेत, रस्त्याकडेला पडलेल्या सुयांची तक्रार होती. ज्याने पोरगं गमावलंय त्याच्यापुढे साथरोगशास्त्राचा आलेख धरून उपयोग नसतो. पण दारूची बाटली एकाची दुसऱ्याला लागत नाही, सुई लागते. हा फरक सभेत बोलला गेला, ऐकलाही गेला आणि मत बदललं नाही. आकडा एकवर आला होता, त्यामुळे केंद्राची गरज उरली नाही असं म्हणणं सोपं होतं. धरण बांधल्यावर पूर आला नाही म्हणून धरण पाडायचं, असा हा हिशेब.

आणि कायद्याने किल्ली त्यांच्याच हातात होती. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने सुई-बदल कायद्याची मुदत २०२६ पर्यंत वाढवली होती. राज्य हो म्हणत होतं, काउंटी नाही म्हणाली, आणि ज्या काउंटीमुळे हा कायदा झाला तिथलंच केंद्र गेलं.

२०२२ उजाडलं. तपासणी काउंटीत चालू राहिली, डॉ. कुक यांचा दवाखाना चालू राहिला. सुई बदलून हवी असेल तर दक्षिणेला क्लार्क काउंटीतलं जेफरसनव्हिल, ओहायो नदीच्या काठावर, लुईव्हिलच्या समोर. ६५ क्रमांकाच्या महामार्गाने ऑस्टिनहून साधारण पन्नास किलोमीटर. गाडी असेल तर पाऊण तासही लागत नाही.